परत कसं यायचं ते आधी सांगा

परत यायची वाट ठरल्याशिवाय ज्याने जन्मात एक पाऊल पुढे टाकलं नाही असा माणूस अख्ख्या बडोद्यात एकच होता, आणि तो त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला अनवाणी जिना उतरून माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "मामी, डबे गेले का?" मी म्हटलं, "कधीच गेले." तो चौकट धरून तिथेच खाली बसला. "समा भागातल्या हंसाबेनच्या डब्यात आज काय होतं?" मी सांगितलं, पोळी, वांग्याचं शाक, वरणभात, काकडीची कोशिंबीर. "कोशिंबिरीत कूट होतं?" आता मराठी बाईला विचारायचा हा काय प्रश्न झाला? आमच्या कोशिंबिरीत काकडी एक वेळ नसेल, दाण्याचं कूट असतंच. मी हो म्हटलं. तेव्हा तो म्हणाला, "त्यांना शेंगदाणा चालत नाही. घसा सुजतो, श्वास अडकतो. त्यांच्या मुलाने अमेरिकेतून तसं लिहून ठेवलं होतं. ते आज सकाळी माझ्या हातून पुसलं गेलं."

मी गॅस बंद केला आणि म्हटलं, "स्कूटर काढ." त्याची स्कूटर चालू व्हायला नेहमीच वेळ लागतो. तेवढ्यात हा कोण ते सांगून घेते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

हा माझ्या नणंदेचा मुलगा. नागरवाड्यात लहानाचा मोठा झाला. आई गेल्यावर वासण्याला माझ्या घराच्या वरच्या खोलीत राहायला आला. पन्नाशीला टेकलेला, उंच, जरा वाकलेला, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यामागे कोणी उभं असल्यासारखा तिकडे बघणारा. कुठल्याशा कंपनीचं काम तो वरच्या खोलीत कम्प्युटरवर करायचा. माझा उद्योग डब्यांचा. मुलं अमेरिका-कॅनडात आणि आईबाप इथे मोठ्या घरात एकटे, अशी घरं बडोद्यात पुष्कळ. त्यांना दुपारचा डबा मी देते. पूर्वी हे सगळं तोंडी चालायचं. भाच्याने माझ्यासाठी वेबसाइट केली. मुलं तिकडून आईबापाचं नाव, पत्ता, काय चालत नाही ते भरतात आणि सकाळी माझ्या ओट्याशेजारच्या छोट्या मशिनातून डब्यावर चिकटवायच्या चिठ्ठ्या निघतात. डबा भरणाऱ्या बाया ती चिठ्ठी बघून भरतात. मी चौथी शिकले, पण चिठ्ठी वाचता येते, आणि मशिनावर चिडताही येतं.

या वेबसाइटच्या पोटात जे असतं त्याला डेटाबेस म्हणतात. तो म्हणजे काय हे भाच्याने मला माझ्याच कोठीच्या खोलीत उभं करून समजावलं. फळ्या, फळ्यांवर कप्पे, प्रत्येक कप्प्याला नाव आणि कप्प्यात माल. आता समज मामी, म्हणाला, दुकान चालू आहे, गिऱ्हाईक दारात उभं आहे, आणि तुला एक कप्पा वाढवायचा आहे नाहीतर एकाचं नाव बदलायचं आहे. ते असं उठून करायचं नाही. आधी एक पान लिहायचं. त्यावर काय बदलायचं ते, आणि तेच उलटवायची पाळी आली तर काय करायचं तेही. पानाला नंबर द्यायचा आणि पानं नंबरानेच लागू करायची. त्या पानाला मायग्रेशन म्हणतात. एकदा लागू झालेल्या पानाला पुन्हा हात लावायचा नाही. चुकलं असेल तर चूक दुरुस्त करणारं नवीन पान लिहायचं. मी म्हटलं, "म्हणजे केलेली चूक कायम दिसत राहणार." तो म्हणाला, "हो. तेच तर चांगलं आहे त्यात." असं बोलणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? मी त्याच्या हातात निवडायला मेथी दिली.

ऑफिसात असं वागलं तर पगार मिळतो, पण हा घरातही तसाच वागायचा. एकदा मला दिवाणखान्यातला सोफा खिडकीखाली न्यायचा होता. त्याला हाक मारली, तर हा सोफ्याला हात लावायच्या आधी फरशीवर खडूने पायांच्या चार खुणा करत बसला. "नाही आवडलं तर परत कसा आणणार?" मी म्हटलं, "ढकलून." त्याला ते पटलं नाही. केस कापायला जायच्या आधी तो चारी बाजूंनी स्वतःचे फोटो काढून घ्यायचा. मी एकदा विचारलं की न्हाव्याने कापलेले केस हे फोटो बघून डोक्यावर परत जातात का. तो खरंच विचारात पडला. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला खाली आला तेव्हा म्हणाला, "मामी, काही बदल उलटवता येत नाहीत. ते पानावर तसं स्पष्ट लिहावं लागतं." रात्रभर हे डोक्यात घेऊन झोपला असणार.

एका सकाळी मी साखरेची बरणी ओट्यावरून वरच्या फळीवर नेली. त्याच सकाळी याने खाली येऊन, ओट्यावर जागा रिकामी दिसली म्हणून, मिठाची बरणी तिथे आणून ठेवली. दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही. दुपारी शेजारच्या कोकिळाबेन आल्या आणि त्यांच्या चहात मीठ गेलं. त्या बिचाऱ्या अर्धा कप संपवून मग बोलल्या, "माजी, आजे चा जुदी छे." आज चहा वेगळा आहे म्हणे. मी भाच्यावर ओरडले. हा शांत. म्हणाला, "तुझं पान आणि माझं पान एकाच पानानंतर लिहिली गेली. दोघांना वाटलं आपलंच पुढचं. असं होतं. आता दोन्ही जोडणारं एक पान लागेल." मी म्हटलं, "आता आधी चहा लागेल." तो चहा त्यानेच केला आणि बरा केला.

लग्नाचं म्हणाल तर एक स्थळ अगदी जमत आलं होतं. दांडिया बाजारातलं चांगलं घर, मुलगी बँकेत. पोहे आले, बोलणी नीट चालली होती, आणि मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" हा म्हणाला, "हो. नाही जमलं तर परत कसं यायचं ते आधी सांगा." वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली. माझी नणंद तेव्हा होती. तिने पदराने तोंड झाकलं. मुलगी मात्र हसली. वाईट हसली नाही, चांगली हसली. मी ते पाहिलं. हा तेव्हा तिच्या खांद्यामागच्या कॅलेंडरकडे बघत होता.

दुसरं म्हणजे कुठलीही गोष्ट आधी नकलेवर करून बघायची. खऱ्या डेटाबेसला हात लावायच्या आधी त्याची एक नक्कल करायची, बदल तिच्यावर लावून बघायचा, सगळं ठीक दिसलं की मग खऱ्यावर. त्यामुळे सकाळच्या गाडीने पुण्याला जायचं असलं की हा आदल्या दिवशी बॅग भरून स्टेशनवर जायचा, फलाटावर उभा राहायचा, घड्याळ बघून परत यायचा. उत्तरायणाला पतंग उडवायच्या आधी खोलीतल्या पंख्याखाली उडवून बघायचा. त्यात पंख्याला मांजा गुंडाळला गेला आणि संक्रांतभर आम्ही वारा घातला तो पुठ्ठ्याने. नवरात्रात गरब्याला जायचं म्हणून पंधरा दिवस आधीपासून गच्चीवर एकटा टाळ्या वाजवत फिरायचा. मी एकदा कपडे वाळत घालायला गेले तर म्हणाला, "मामी, गरबा मला पटतो. पुढे गेलेलं पाऊल मागे येतं." नऊ रात्री गेल्या, हा गरब्याला काही गेला नाही. म्हणाला, "गच्चीवर नीट झाला. पुरे." त्याच्या नकलाच त्याला खऱ्यासारख्या वाटायच्या असं माझं मत. डब्यांच्या वेबसाइटची नक्कल त्याने केली होती ती मला दाखवली होती. गिऱ्हाइकांची खरी नावं त्यात ठेवायची नाहीत म्हणून त्याने सगळी माणसं मनाने बनवली होती. मोठी गोड नावं दिली होती. फक्त एक झालं. ती माणसं सगळी धडधाकट होती. कोणाला साखर नाही, कोणाला बीपी नाही, कोणाला काही वर्ज्य नाही.

आता तिसरी सवय, आणि घोटाळा हिच्यातूनच झाला. ही मात्र त्याची एकट्याची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. कोणी काही विचारलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं. चहा घेतोस का, नको. पोळी वाढू, नको नको. मग समोरच्याने आग्रह करायचा, मग आपण बरं म्हणायचं, आणि मग तीन पोळ्या खायच्या. माझी नणंद या बाबतीत फार कडक. कोणाच्या घरी पहिल्या विचारण्यात हो म्हटलं तर घरी येऊन पोराला चिमटा. त्यामुळे हा इतका तयार झाला होता की डॉक्टरने विचारलं "दुखतंय का?" तरी नाही म्हणायचा, आणि डॉक्टर पुन्हा विचारील म्हणून वाट बघत बसायचा. एकदा रेल्वेच्या खिडकीवर त्या माणसाने विचारलं, "बर्थ हवा का?" हा नको म्हणाला. त्याने पुढच्या माणसाला बोलावलं. हा पुण्यापर्यंत दाराशी उभा राहून गेला.

तर त्या दिवशी सकाळी काय झालं ते ऐका. काय चालत नाही ते भरायच्या कप्प्याचं नाव त्याने 'शेरा' ठेवलं होतं. नाव त्याला खटकायचं, कारण मुलं त्यात काहीही लिहायची. एकाने तर वडिलांच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'स्वभाव तापट.' म्हणून त्याने ठरवलं, कप्प्याचं नाव 'पथ्य' करायचं. ज्या तयार सांगाड्यावर ही वेबसाइट उभी आहे, फ्रेमवर्क म्हणतात त्याला, त्या सांगाड्याने पाहिलं की शेरा दिसत नाही आणि पथ्य नवीन दिसतंय. त्याने विचारलं, हा जुनाच कप्पा आहे का, नुसतं नाव बदललेला? हो की नाही? आणि माझ्या भाच्याने नाही लिहिलं. मशीन बिचारं सरळ. त्याने जुना कप्पा मालासकट फेकायचा आणि नवीन कप्पा रिकामा लावायचा असं पान लिहिलं. ते पान नकलेवर लावलं तर तिथे सगळं छान, कारण तिथल्या धडधाकट माणसांच्या कप्प्यात मुळात काही नव्हतंच. मग खऱ्यावर लावलं. मशिनातून चिठ्ठ्या निघाल्या. नावं होती, पत्ते होते, पथ्याची जागा कोरी.

तुम्ही म्हणाल, तुला दिसलं नाही का? माझी जुनी माणसं मला पाठ आहेत. कोणाला मीठ कमी, कोणाला कांदालसूण नाही, कोणाच्या भाताचं पाणी काढायचं, हात आपोआप चालतो. त्यांचे डबे बरोबर गेले. पण हंसाबेनचा तो पहिलाच डबा होता. मी त्यांना पाहिलेलंही नव्हतं. त्यांच्या चिठ्ठीवर काही नाही म्हणजे त्यांना सगळं चालतं असं आम्ही धरलं.

साडेअकराला भाच्याच्या लक्षात आलं. त्याने लगेच पान उलटवलं. कप्पा परत आला, शेरा हे नावही परत आलं, पण आत काही नव्हतं. फेकलेला माल पान उलटवून येत नाही. मग त्याने आदल्या रात्री काढून ठेवलेली प्रत उघडली आणि त्यातून सगळं परत भरलं. भरता भरता हंसाबेनची ओळ वाचली, आणि तसाच खाली आला.

स्कूटर निघाली. मी मागे बसले. माझ्या वयाला स्कूटरवर एका बाजूला पाय टाकून बसणं शोभतं की नाही हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. निघता निघता डब्यांच्या रिक्षावाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "समाना बधा आपी दीधा, माजी." समाचे सगळे डबे देऊन झाले म्हणे. हंसाबेनचा फोन वाजत राहिला, कोणी उचलेना. समा म्हणजे आमच्यापासून गावाचं दुसरं टोक. वाटेत मी त्याला विचारलं, "मशिनाने विचारलं होतं ना तुला?"

"विचारलं होतं."

"मग नाही का म्हणालास?"

त्याने समोरच्या बसला वळसा घातला. मग म्हणाला, "सवयीने."

"ते काय तुझी आत्या आहे, पुन्हा आग्रह करायला?"

"नाही मामी. ते एकदाच विचारतं."

त्याची मान मागून दिसत होती. घामाने भिजली होती. पुढच्या चौकात लाल दिवा होता, तो त्याने पाहिला नाही. जन्मात पहिल्यांदा.

हंसाबेनचं घर तळमजल्यावर. जाळी लोटलेली, आतलं दार उघडं. टेबलावर डबा उघडलेला, कोशिंबिरीची वाटी अर्धी. त्या खुर्चीत बसल्या होत्या. ओठ सुजलेले, मानेवर लाल चट्टे, आणि श्वास घेताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज. बोलता येत नव्हतं. हाताने कपाटाकडे दाखवत होत्या. भाच्याने १०८ ला फोन लावला आणि फोन कानाला धरून कपाट उघडलं. आत एक पिवळं जाडं पेन होतं, मुलाने अमेरिकेतून आणून दिलेलं, अशा वेळी टोचायचं. मी ते त्याच्या हातातून हिसकावलं. माझ्या यजमानांना रोज दोन वेळा इन्सुलिन मी टोचत होते, मला सुईची भीती नाही. अंगठा ठेवला आणि दाबणार, तेवढ्यात हा म्हणाला, "थांब."

मी म्हटलं, "थांबायला वेळ आहे का?"

"मामी, अंगठा काढ. तू उलटं धरलंस. सुई नारिंगी बाजूने येते. तुझ्या अंगठ्यात जाईल."

पेनावर छापलेलं तो एकेक करून वाचायला लागला आणि एक झाल्याशिवाय दुसरं सांगेना. "मुठीत धर. नारिंगी टोक खाली. झालं? आता निळी टोपी काढ. वर ओढून. झालं? आता मांडीला बाहेरच्या बाजूने. साडीवरून चालतं. जोरात दाब, टक आवाज येईपर्यंत. आला? सोडू नको. धरून ठेव. अजून. आता काढ." दुसऱ्या कोणाच्या तोंडून मला इतकं सावकाश बोलणं सहन झालं नसतं. त्या वेळी मात्र मी शाळेतल्या पोरीसारखं ऐकलं. औषध जिथे जायला हवं होतं तिथे गेलं, माझ्या अंगठ्यात नाही.

शिट्टी हळूहळू कमी झाली. गाडी आली तेव्हा हंसाबेन माझा हात धरून होत्या. गाडीत चढवताना त्यांनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला आणि मला म्हणाल्या, "बेन, कचुंबर सारुं हतुं." कोशिंबीर चांगली होती म्हणे. मरता मरता जेवणाची तारीफ करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

एक रात्र दवाखान्यात राहून त्या घरी आल्या. त्यांच्या मुलाचा अमेरिकेतून फोन आला तो भाच्याने घेतला. मी शेजारी उभी होते. याने काही सांभाळून घेतलं नाही. म्हणाला, "तुम्ही बरोबर लिहिलं होतं. मी पुसलं. चूक माझी आहे." मग त्या मुलाने विचारलं, "मम्मी जमी?" आई जेवली का. भाच्याने हो सांगितलं, आणि फोन ठेवून वर निघून गेला. दोन दिवस खाली जेवायला आला नाही. ताट मी वर नेऊन ठेवलं. मी काही समजूत घातली नाही. चूक होती ती होती, आणि त्याला ती माझ्यापेक्षा चांगली दिसत होती.

तिसऱ्या दिवशी खाली आला तो नवीन पान लिहूनच. आता पथ्याचा कप्पा रिकामा सोडताच येत नाही. काही वर्ज्य नसेल तर 'काही नाही' असं लिहावं लागतं, नाहीतर मशीन चिठ्ठीच छापत नाही. जुनं चुकलेलं पान तसंच ठेवलंय, नंबरासकट. त्याच्या नकलेतली माणसंही त्याने बदलली. आता त्यांच्यात कोणाला साखर आहे, कोणाला गहू चालत नाही, एका म्हातारीला शेंगदाणा वर्ज्य आहे. म्हणाला, "मामी, निरोगी माणसांवर तपासून काही कळत नाही." हे त्याने मला दोन वर्षं आधी विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं.

पुढच्या वर्षी त्याच्या कंपनीने सगळ्यांना हैदराबादला बोलावून घेतलं. गेला. तिकडे खोली घेतली आहे, जेवण बरं मिळतं म्हणतो, व्हिडिओ फोनवर चेहऱ्यावरून तसं दिसत नाही. दुपारी डब्यांची गडबड सरली की फोन करतो. मी काय काय केलं ते सांगते, तो ऐकतो, मग म्हणतो, "बरं, ठेवतो." वरची खोली मी रविवारी झाडून घेते. घरात आता मीठ मिठाच्या जागी असतं, साखर साखरेच्या जागी. ठेवलेलं ठेवल्या जागी सापडतं, कोणी काही हलवत नाही. इतकं सोपं झालेलं मला आवडत नाही, पण ते त्याला फोनवर सांगण्यासारखं नाही.

हंसाबेन समालाच असतात. डबा माझ्याकडूनच घेतात. त्या दुपारी त्या खोलीत आम्ही तिघं होतो. तिघंही अजून आहोत.